साखर पेठेत शिडाची पुस्तकं

हिरेमठ बाईंनी चष्म्यावरून पाहिलं,
"शिडाची होडी? सोलापुरात?"
मग शिडी लावून वरच्या कप्प्यातून काढून दिलं
एक जाडजूड, वाळवीनं कडा कुरतडलेलं.
त्यात लाकडी डोलकाठ्या, डांबर चोपडलेले दोर,
नकाशाच्या कोपऱ्यात गाल फुगवून बसलेला वारा.

मी म्हटलं, बाई, मला आजची होडी हवी.
फायबरची, बत्तीस फुटी,
जिचं पुढचं शीड दोरी ओढली की चटईसारखं गुंडाळलं जातं,
जिच्या टपावर सोलर आहे
आणि जिचा संडास हातपंपावर चालतो.
शेवटचं मी जरा हळू म्हटलं.

जानेवारीत गोव्याहून कोचीला जायचंय,
पाच माणसं, पाचवी मी.
मांडवीत आठवडाभर शिकले तेवढंच गाठीला.
बाकी वर्षभर टॉवेलांची बिलं करते.
गोडं पाणी पुरवून वापरण्याचं प्रकरण
मी कुठल्याच पुस्तकात वाचत नाही;
आमच्या नळाला पाणी येतं चौथ्या दिवशी.

मंगळवार बाजारात नदाफांची रद्दी.
"समुद्र असो की स्वयंपाक, भाव किलोचाच," ते म्हणाले.
एकात कुणी गृहस्थ एकटेच जगाला वळसा घालतात.
तुफान, देवमासे, पानंच्या पानं एकांत.
उभ्या उभ्या वाचलं, डोळे भरून आले,
पण नांगराला साखळी किती सोडायची, कुठंच नाही.
दुसऱ्यात गुळगुळीत फोटो,
गोरे पाय, उंच पेले, इस्त्री केलेला समुद्र.
तिसऱ्याला मुखपृष्ठच नव्हतं.
डिझेलचा वास.
पंप, बॅटरी, सुकाणू, या धड्यांवर अंगठ्याचे काळे ठसे,
सूर्यास्ताचं प्रकरण कोरं करकरीत.
नदाफांनी तराजूत टाकलं. सातशे ग्रॅम. तीस रुपये.

समासात पेन्सिलीनं काहीबाही, कानडीत.
म्हणून पुन्हा हिरेमठ बाईंकडे.
त्यांनी बोट ठेवून सावकाश वाचलं:
"वारा वाढतोय का, असं मनात आलं
की त्याच क्षणी शीड आखडा. मी थांबलो होतो."
पुढं?
पुढं काही नाही, बाई म्हणाल्या,
आणि पान उलटून त्यांनीच शोधलं, पुढं काही आहे का.

रात्री मागांची खडखड चालू होती.
मी नायलॉनची दोरी घेऊन
आकृती सात बघत बसलेले:
एक जाड दोर, एक बारीक, दोन्ही जोडणारी गाठ.
माझी दर वेळी सुटायची.
अम्मा बॉबिन बदलून आली,
चित्र उलटंच धरलं, हसली,
आणि पदराला चिकटलेल्या सुतानं
माझ्याकडे बघत, हाताकडे न बघता, बांधून दाखवली.
"ही तर आपली. सूत तुटलं की हीच."
दिवसातून तीनशे वेळा ती हीच बांधते,
मी जन्मल्यापासून, त्याच्याही आधीपासून,
आणि मी तीस रुपये देऊन आणली.

मग तिनं तेलुगूत विचारलं,
"तिथं सूत तुटलं तर माग थांबवता येतो?"

अनुक्रमणिका पाहिली. होतं.
पान दोनशे चौदा: भर समुद्रात होडी उभी करणे.
पुढचं शीड वाऱ्यावर उलटं धरायचं,
सुकाणू त्याच्या विरुद्ध बांधून टाकायचं,
दोघांच्या भांडणात होडी जवळजवळ थांबते.
माणूस तेवढ्यात जेवतो, दुरुस्ती करतो, झोपतो.
सगळ्या पुस्तकात सगळ्यात काळं पान ते,
ठशांवर ठसे.

मी तिला वाचून दाखवलं, जमेल तसं तेलुगूत.
ती मागाकडे जाता जाता दारात वळली.
"जवळजवळ म्हणजे किती?"

मी पेन्सिल शोधायला उठले.